चोपन्न आणि सत्तावीस : गंभीर आजारी मुलीच्या जीवनगुणवत्तेच्या मोजमापाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. यातील मुलगी म्हणजे कोणी एक विशिष्ट मुलगी नव्हे. मुलांच्या कर्करोगाच्या आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातील त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या काळजीच्या, कामात पुन्हा पुन्हा समोर येणारी परिस्थिती तिच्या रूपाने मांडली आहे आणि तिचे गुणही त्याच हेतूने बसवले आहेत. प्रश्नावली, गुण देण्याचे नियम आणि संशोधनाचे उल्लेख मात्र प्रत्यक्षातले आहेत.

परिस्थिती

मुलगी ११ वर्षांची. मांडीच्या हाडाचा कर्करोग, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. आधी केमोथेरपी, मग गुडघ्याजवळचे हाड काढून कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पुन्हा केमोथेरपी, असा पहिला टप्पा पूर्ण झाला होता. काही महिन्यांनी दोन्ही फुप्फुसांत गाठी दिसल्या आणि दुसऱ्या फळीतील आयफॉस्फामाइड व इटोपोसाइड ही औषधे सुरू झाली. दर फेरीला पाच दिवस रुग्णालयात राहायचे आणि उरलेले दिवस घरी, असा क्रम होता. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता फार कमी आहे, हे आईवडिलांना सांगितलेले होते. मुलीला काय सांगितले आहे याविषयी कागदपत्रांत एकही ओळ नव्हती.

तिसऱ्या फेरीपूर्वी उपचार करणाऱ्या गटात मतभेद झाले. मुलगी उपचार सोसते आहे, ती कुरकुर करत नाही, म्हणून पुढे जावे असे कर्करोगतज्ज्ञांचे म्हणणे होते. आई म्हणत होती की मुलगी आतून कोसळली आहे, फक्त ते कोणाला दिसत नाही. डॉक्टरांनी लॅन्स्की श्रेणीवर तिला ५० गुण दिले होते. या श्रेणीत मूल किती हिंडते-फिरते आणि कसे खेळते यावरून ० ते १०० गुण दिले जातात आणि ५० चा ढोबळ अर्थ असा की मूल बराच वेळ पडून असते, पण बैठे खेळ खेळू शकते. तिची हालचाल त्यातून कळत होती, मात्र तिला हे दिवस कसे जात आहेत याविषयी त्यात काहीच नव्हते. म्हणून गटातील मानसशास्त्रज्ञांनी जीवनगुणवत्तेची रीतसर नोंद घ्यायचे सुचवले.

साधन आणि पहिली नोंद

त्यासाठी जेम्स वार्नी आणि सहकाऱ्यांची पेड्सक्यूएल ही प्रश्नावली निवडली. तिच्या ४.० या आवृत्तीत २३ प्रश्न आहेत : शारीरिक ८, भावनिक ५, सामाजिक ५ आणि शाळेविषयी ५. प्रत्येक गोष्टीची किती वेळा अडचण झाली, एवढेच त्यात विचारलेले असते. ‘कधीच नाही’ म्हणजे ० आणि ‘जवळजवळ नेहमी’ म्हणजे ४. हे आकडे नंतर उलटे करून १००, ७५, ५०, २५ आणि ० असे बदलतात व त्यांची सरासरी काढतात, त्यामुळे गुण जितके जास्त तितकी जीवनगुणवत्ता चांगली. मुलांसाठी आणि पालकांसाठी एकाच आशयाचे वेगळे अर्ज असतात. पाच वर्षांपासूनची मुले स्वतः उत्तरे देऊ शकतात. त्याहून लहान मुलांसाठी केवळ पालकांचा अर्ज असतो. मागील महिना आणि मागील सात दिवस अशा दोन आवृत्त्यांपैकी येथे सात दिवसांची घेतली, कारण केमोथेरपीचा आठवडा आणि घरचा आठवडा एकाच महिन्यात मिसळले असते तर हाती काहीच लागले नसते.

वॉर्डात दुसरी जागा नसल्याने मुलीने आणि आईने आपापले अर्ज एकाच पलंगावर बसून भरले. मुलीचे गुण असे आले : शारीरिक ३१, भावनिक ७५, सामाजिक ७०. आईचे : शारीरिक १६, भावनिक २५, सामाजिक ५०, शाळा २५. शाळेच्या पाचपैकी तीन प्रश्नांना मुलीने हातच लावला नव्हता. एखाद्या घटकातील निम्म्याहून जास्त उत्तरे नसतील तर त्या घटकाचे गुण काढू नयेत, असा या प्रश्नावलीचा नियम आहे. तो पाळून उरलेल्या १८ प्रश्नांवर मुलीचे एकूण गुण ५४ झाले. आईचे २३ प्रश्नांवरचे एकूण गुण २७ होते.

बैठकीत पहिली सूचना आली ती दोन्हींची सरासरी घ्यावी अशी. ती ४१ च्या आसपास आली असती, आणि तो आकडा मुलीचाही ठरला नसता आणि आईचाही नाही. दुसरी सूचना होती की मूल ‘लहान’ आहे, तेव्हा आईचे उत्तर प्रमाण मानावे. मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही सूचना बाजूला ठेवल्या आणि दोन्ही अर्ज प्रश्नागणिक शेजारी शेजारी मांडले. या प्रकरणातील खरे काम तेथून सुरू झाले.

रिकामे रकाने

आधी शाळेचा प्रश्न पाहू, कारण तो सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. लक्ष लागणे आणि विसरणे या दोन प्रश्नांची उत्तरे मुलीने दिली होती. अभ्यासात मागे पडणे, बरे नसल्याने शाळा बुडणे आणि रुग्णालयात जाण्यासाठी शाळा बुडणे हे तीन प्रश्न तिने सोडले. कारण विचारल्यावर तिने सरळ उत्तर दिले : “मी शाळेतच जात नाही, मग काय लिहू?” आईने याच तीन प्रश्नांना ‘जवळजवळ नेहमी’ असे उत्तर दिले होते.

मुलीच्या अर्जातही हे तीन रकाने आईप्रमाणे भरले असते तर तिचे एकूण गुण ५४ वरून ४९ वर आले असते, म्हणजे पाचांहून थोडे अधिक घटले असते. पेड्सक्यूएलच्या संशोधनात मुलांच्या स्वतःच्या एकूण गुणांसाठी ४.४ गुणांचा फरक हा अर्थपूर्ण बदलाचा किमान टप्पा मानला गेला आहे. म्हणजे मुलीच्या आयुष्यात तसूभरही बदल न होता, केवळ रिकाम्या रकान्यांचे काय करायचे या निर्णयाने ‘अर्थपूर्ण’ घसरण कागदावर उमटली असती. वर्षभर शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलासाठी शाळेचा भाग भरून घेण्याचा आग्रह धरू नये आणि तो वगळल्याचे प्रत्येक नोंदीत स्पष्ट लिहावे, असे माझे ठाम मत आहे. तिची शाळा सुटली हे दुःख खरेच आहे, पण त्याची विचारपूस वेगळ्या प्रश्नाने करायला हवी.

४.४ या आकड्याविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तो मोठ्या गटातील मापनाच्या प्रमाणित त्रुटीवरून, म्हणजे मोजण्यातच असणाऱ्या अनिश्चिततेच्या अंदाजावरून, काढलेला आहे. एकाच मुलाच्या दोन वेळच्या गुणांत खरोखर बदल झाला, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणायचे तर त्याच त्रुटीच्या हिशोबाने सुमारे १२ गुणांचा फरक लागतो. एका मुलाच्या बाबतीत चार-पाच गुणांच्या चढउतारावरून उपचार सुरू ठेवण्याचा किंवा थांबवण्याचा विचार करणे म्हणूनच योग्य नाही. आई आणि मुलगी यांच्यातील २७ गुणांचा फरक मात्र या दोन्ही मर्यादांच्या पलीकडचा होता.

फरक नेमका कोठे होता

शारीरिक प्रश्नांत दोघींची उत्तरे एकाच दिशेची होती. पळणे आणि खेळ या दोन्हींत दोघींनी ४ लिहिले होते, चालण्यात दोघींनी ३. आंघोळीसाठी मुलीने २ आणि आईने ३ लिहिले होते, आणि वेदना, थकवा व घरातील लहानसहान कामे यांतही असाच एका पायरीचा फरक होता. आंघोळीविषयी विचारल्यावर कळले की आई मुलीला स्वतः आंघोळ घालत असे. आईच्या लेखी मुलीला आंघोळ करता येत नाही, ही अडचण. मुलीच्या लेखी आई घालते, म्हणजे बरीचशी अडचण सुटली. प्रश्न एकच होता, पण एकीने मदत वगळून उत्तर दिले आणि दुसरीने मदत धरून. यात कोणीही चुकले नव्हते.

भावनिक घटकात मात्र ५० गुणांची दरी होती. ‘माझे काय होईल याची काळजी’ या प्रश्नाला मुलीने ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले होते आणि आईने ‘जवळजवळ नेहमी’. एकाच प्रश्नाची दोन टोके एकाच पलंगावर लिहिली गेली होती.

पालक आणि मुले यांच्या उत्तरांतील तफावत नवी नाही. आयझर आणि मॉर्स यांनी २००१ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या शारीरिक बाबींत दोघांची उत्तरे अधिक जुळतात आणि भावनिक व सामाजिक बाबींत कमी जुळतात असे आढळले. आजारी मुलांचे पालक मुलांपेक्षा कमी गुण देतात, असेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याचे एक कारण पालकांचे स्वतःचे दुःख. पालक भविष्याकडे पाहून उत्तर देतात आणि मूल पुष्कळदा आजच्या दिवसाकडे पाहून. पण या माहितीच्या आधारे ‘आया नेहमीच वाढवून सांगतात’ असा निष्कर्ष काढणे घातक आहे, कारण तिला तेवढीच महत्त्वाची दुसरी बाजू आहे. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर यांनी १९७० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांमध्ये राहून केलेल्या कामातून हे पुढे आले की कोणी सांगितले नसले तरी या मुलांना आपल्या आजाराचे बरेच काही कळलेले असते, आणि आईवडिलांना सांभाळण्यासाठी ती आपल्याला काही माहीत नसल्यासारखी वागतात.

म्हणजे मुलीच्या ७५ गुणांचे किमान तीन अर्थ संभवत होते. ती खरोखर तेवढी शांत असू शकत होती. आजाराशी जुळवून घेताना तिची ‘बरे’ आणि ‘वाईट’ यांची मोजपट्टीच बदललेली असू शकत होती. किंवा शेजारी आई बसलेली असताना तिने आईला सोसवेल तेवढेच लिहिले असेल. यांतील कोणता अर्थ खरा हे आकड्यावरून ठरत नाही.

दुसरी नोंद

दोन दिवसांनी तोच सात दिवसांचा अर्ज मुलीने वेगळ्या खोलीत भरला. मानसशास्त्रज्ञ प्रश्न वाचत होत्या आणि ती बोटाने उत्तर दाखवत होती. तिची उत्तरे आईला दाखवली जाणार नाहीत, पण जिवाला धोका असेल किंवा वेदना अंगावर काढली जात असेल तर डॉक्टरांना सांगावे लागेल, हे तिला आधीच सांगितले होते. ही अट लपवून मुलाचा विश्वास मिळवणे मला मान्य नाही.

शारीरिक आणि सामाजिक उत्तरे तीच राहिली. भावनिक गुण मात्र ७५ वरून ४५ वर आले. भीती १ ऐवजी २ झाली, झोपेचा त्रास १ वरून ३ वर गेला आणि काळजी शून्यावरून ३ वर. कसली काळजी, असे विचारल्यावर ती म्हणाली : “आई रात्रभर जागी असते. मी उठले की तिला उठावं लागतं.”

आयफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून मेस्ना हे औषध आणि भरपूर सलाइन दिले जाते. ते रात्रभर चालू असल्याने मुलीला वारंवार लघवीला उठावे लागे. कृत्रिम सांध्यामुळे अंधारात एकटीने जाणे शक्य नव्हते, म्हणून दर वेळी आईला उठवावे लागे. त्यातच उलटी रोखण्यासाठीचे डेक्सामेथासोन संध्याकाळी दिले जात होते आणि हे स्टेरॉइड झोप उडवते. मुलगी दिवसा शांत पडून असे, त्याला वॉर्डात सोसणे समजले जात होते आणि घरच्यांना ते कोसळणे वाटत होते. त्यात बराच वाटा निव्वळ जागरणाचा होता.

त्यावरचे उपाय साधे होते. डेक्सामेथासोन सकाळी हलवले. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली आणि रात्री आईऐवजी परिचारिकेने यायचे ठरले. रात्रीच्या वेदनेसाठी मॉर्फिनची मात्रा व वेळ बदलली. वेदनेबद्दल ती कमी सांगत होती, कारण दुखते म्हटले की पुन्हा स्कॅन होतो आणि मुक्काम वाढतो, असा तिचा अनुभव होता. आई ज्याला मृत्यूची भीती समजत होती ती मुलीच्या मनात मुळीच नव्हती, असा दावा मात्र या नोंदीवरून करता येत नाही. भीतीच्या प्रश्नाला तिने २ लिहिले होते आणि त्यावर तिला त्या दिवशी बोलायचे नव्हते. ते तेथेच थांबवले.

काय मोजायचे ते कोणी ठरवायचे

पेड्सक्यूएलच्या एकूण गुणांत पळता येणे आणि भीती वाटणे यांचे वजन सारखे असते. या मुलीला पुन्हा पळता येणार नव्हते. शारीरिक घटकातील निम्मे प्रश्न तिच्यासाठी तळाला लागले होते किंवा लागणार होते. तळाला लागलेला प्रश्न पुढची घसरण दाखवू शकत नाही आणि मिळालेला दिलासाही दाखवत नाही. शाळेत जाणाऱ्या, दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलांसाठी हे साधन चांगले आहेच, पण आयुष्य मर्यादित करणाऱ्या आजारात ते एकट्याने पुरे पडत नाही. कर्करोगासाठी त्याचा २७ प्रश्नांचा वेगळा भाग आहे, त्यात मळमळ, तपासण्यांची भीती, दिसण्याविषयीची भावना आणि डॉक्टरांशी बोलता येणे असे विषय येतात. तो येथे वापरला आणि त्याचा उपयोग झाला.

याशिवाय प्रौढांसाठी विकसित झालेल्या एका पद्धतीचा आधार घेतला. त्या पद्धतीत माणूस आपल्या आयुष्यातील महत्त्वाच्या पाच गोष्टी स्वतः निवडतो आणि त्यांना वजन देतो. मुलीला शंभर गुण वाटून द्यायला सांगितले. तिने असे वाटले : मला काय होणार ते मला आधी सांगणे ३०, धाकट्या भावासोबत खेळणे २५, रात्री सलग झोप २०, मळमळ नसणे १५, चित्रे काढणे १०. सर्वांत जास्त वजन मिळालेली गोष्ट मूळ २३ प्रश्नांत कोठेही नाही. मुलीला काय सांगितले आहे याची नोंद कागदपत्रांत नव्हती, हे वर आले आहे. गटाने दखल न घेतलेली गोष्टच तिने यादीत सर्वांत वर ठेवली होती.

मुलांच्या जीवनगुणवत्तेचे मूल्य मोठ्यांनी ठरवायचे ही पद्धत धोरणाच्या पातळीवरही आहे. उपचारांच्या खर्चाचा विचार करताना वापरल्या जाणाऱ्या ईक्यू-५डी-वाय या मुलांच्या साधनासाठी २०२० मध्ये जी आंतरराष्ट्रीय कार्यपद्धती मांडली गेली, तिच्यात प्रौढांना दहा वर्षांच्या मुलाची कल्पना करून उत्तरे द्यायला सांगतात. त्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. पण एका मुलीच्या पलंगाशी ती कारणे लागू पडत नाहीत, कारण तेथे उत्तर देऊ शकणारे मूल समोर असते.

तिसरी नोंद आणि निर्णय

पुढच्या फेरीनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या. या वेळी मुलीला काय विचारायचे आहे ते आधी जाणून घेऊन, आईवडिलांच्या उपस्थितीत, तिला पेलेल एवढे तिच्याशी बोलणे झाले. शिरेतून देण्याची केमोथेरपी थांबवायचे ठरले. निर्णयाचे मुख्य कारण उपचार लागू पडत नव्हता हे होते. जीवनगुणवत्तेच्या नोंदींनी निर्णय घेतला नाही, आणि त्यांनी तो घ्यावा अशी अपेक्षाही करू नये. पण थांबवल्यानंतर काय करायचे, कशाला वेळ द्यायचा, मुलीशी कोणी आणि कधी बोलायचे, हे सर्व त्या नोंदींवरून आखता आले.

सुमारे सहा आठवड्यांनी घरी घेतलेल्या नोंदीत मुलीचे शारीरिक गुण ३१ वरून १९ वर उतरले होते. भावनिक गुण ४५ वरून ७० झाले होते. सामाजिक गुण ७० च राहिले. एकूण गुण आधी ४६ होते आणि आता ४७. केवळ एकूण आकडा पाहणाऱ्याला सहा आठवड्यांत काहीच घडले नाही असे वाटेल. प्रत्यक्षात शरीर झपाट्याने खालावले होते आणि मन बरेच सावरले होते. दोन विरुद्ध दिशांच्या मोठ्या हालचाली बेरजेत एकमेकींना खोडून गेल्या. गंभीर आजारी मुलाच्या कागदावर एकूण गुण लिहूच नयेत असे मी म्हणणार नाही, पण घटकांच्या गुणांशिवाय ते एकटे कधीच लिहू नयेत.

भावनिक गुण कशामुळे वाढले हे एका मुलीवरून सिद्ध करता येत नाही. झोप सुधारली, रुग्णालय सुटले, तिच्याशी बोलणे झाले, आणि मोजपट्टीही बदलली असेल. यातील शेवटची शक्यता तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी तिला विचारले की त्या वॉर्डातल्या आठवड्याचे उत्तर आज द्यायचे तर काय देशील. भीतीसाठी तिने तेव्हा २ दाखवले होते, आता मागे वळून ३ दाखवले. स्मरणशक्ती दगा देते, त्यामुळे यावर फार भर देता येत नाही, तरी मोजपट्टी स्थिर नव्हती याची ती एक खूण आहे.

मूल उत्तर देऊ शकत नाही तेव्हा

शेवटच्या आठवड्यांत मुलगी बहुतेक वेळ झोपेत असे आणि प्रश्नावली थांबवली. वेदनेसाठी चेहरा, पायांची हालचाल, अंगाची चुळबुळ, रडणे आणि शांत होणे पाहून गुण देण्याची एफएलएसीसी ही निरीक्षण-श्रेणी वापरली. उरलेल्या गोष्टींसाठी आईचेच उत्तर घ्यावे लागले, आणि येथे आधीच्या फरकाचा सर्वांत मोठा उपयोग झाला. आईला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला : तुम्हाला काय वाटते, आणि ती बोलू शकली असती तर काय म्हणाली असती. सुरुवातीला आईची दोन्ही उत्तरे एकच येत. मुलीने स्वतः निवडलेल्या पाच गोष्टी आईसमोर ठेवल्यावर ती वेगळी येऊ लागली, आणि औषधांची मात्रा ठरवताना डॉक्टरांनी दोन्ही पाहिली. ती यादी आईला दाखवण्याची परवानगी मुलीने तिसऱ्या नोंदीच्या वेळीच देऊन ठेवली होती. तेव्हापासून या गटाच्या नोंदपत्रकात गुणांच्या रकान्याआधी तीन रकाने आहेत : उत्तर कोणी दिले, त्या वेळी खोलीत कोण होते, आणि उत्तर देणाऱ्याने ते कोणाच्या नजरेतून दिले.